विमलआत्याचं घड्याळ घेऊन तापीकाठी

धुळे

विमलआत्याचा दहावा पांझरेच्या काठी उरकून आम्ही घरी आलो. मी आत चहाचं आधण ठेवत होते, आणि बाहेर ओट्यावर बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालंच, "बाई चांगली होती हो, पण सासरचं घड्याळ तेवढं उचलून आणायला नको होतं." लहानपणापासून हे वाक्य मी अनेक तोंडांतून ऐकत आले होते. लग्नांत ऐकलं, बारशांत ऐकलं. माणूस गेल्यावर तेरा दिवस तरी थांबतील असं वाटलं होतं, तेही कुणाला जमलं नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न होऊन गेली आणि दीड-दोन वर्षांत माहेरी परतली ती कायमची. मग ती नर्स झाली. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात तिनं नोकरी केली, निवृत्त झाली आणि भावाच्या घराला लागून दोन खोल्या बांधून राहिली. नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून कधी आलं नाही. मी लग्न होऊन सांगलीला गेले, तिथं नवऱ्याबरोबर औषधांचं दुकान चालवते, पण धुळ्याला आले की माझी पिशवी आधी आत्याच्या खोलीत पडायची.

लोक पांगल्यावर नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला हाक मारली. पलंगावर एक जुना पांढरा रुमाल उलगडून ठेवला होता आणि त्यात ते घड्याळ. साखळीचं, खिशात ठेवायचं, चांदीच्या डबीसारखं जड. काचेला कडेला एक तडा होता. चावी दिली की अजून चालायचं.

"हाई आपलं नही शे," नाना अहिराणीत म्हणाले. "ज्यास्नं शे त्यास्ले दी टाक. मन्हा डोळा मिटाना आगोदर."

"कोणाला देऊ? कुठले लोक होते ते?"

"भुसावळकडला. सासरा रेल्वेमा गार्ड व्हता, गार्डबाबा म्हनेत त्यास्ले. मी धाकला व्हतू. माले गावनं नाव याद नही."

त्यापुढे काही विचारलं की नाना खिडकीबाहेर बघायला लागायचे. मी घड्याळ रुमालात बांधलं आणि त्यांना सांगितलं, "देते. पण आत्यानं ते कसं आणलं हे कळल्याशिवाय देणार नाही. चोरलं असेल तर तिच्या वतीनं माफी मागेन. नसेल तर घेऊन परत येईन."

 नाना जाऊ नको म्हणाले नाहीत, आणि मला तेवढं पुरे होतं. दुकान काही दिवस एकट्यानं सांभाळा असं नवऱ्याला फोन करून कळवलं आणि तेरावा झाल्यावर दुसऱ्या सकाळी जळगावची बस धरली.

जळगाव

मी धुळ्यात वाढले, पण जळगावच्या पलीकडे कधी गेले नव्हते हे मला बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं. आमच्यासाठी खानदेश म्हणजे धुळं, साक्री, शिरपूर. पारोळा, एरंडोल मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणी संपत आलेली कपाशी दिसू लागली. जानेवारीचे दिवस, हवेत चांगलाच गारवा. शेजारच्या बाई मोबाईलवर बोलत होत्या ती भाषा माझीच होती आणि नव्हतीही. आमच्याकडच्या "शे"ची जागा "आहे"नं घेतली होती. बोलण्याचा हेल मात्र तसाच लांब.

जळगावला फुले मार्केटच्या मागच्या गल्लीत घड्याळांचं एक जुनं दुकान आहे असं कळलं होतं. दुकानदार माझ्याच वयाचे. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, कानाला लावलं आणि मागचं झाकण पातळ पात्यानं उघडलं. आत आणखी एक झाकण होतं. त्यावर इंग्रजी अक्षरं वेलबुट्टीत गुंफलेली, आर आणि डी असावीत.

"घड्याळ विलायती आहे, आणि ही अक्षरं कारागिराने कोरलेली आहेत," ते म्हणाले. "पण त्याच्या खाली बघा. हे कुणीतरी घरी दाभणानं खरवडलंय."

मी भिंग डोळ्याला लावलं. वाकड्यातिकड्या देवनागरीत तीन अक्षरं होती. सावदे.

आत्याच्या खोलीत इतकी वर्षं मी हे घड्याळ पाहिलं, हाताळलं, पण त्याला आत आणखी एक झाकण असेल असं कधी मनात आलं नव्हतं. दुकानदारांनी ते विकत मागितलं. हल्ली लोक शोभेला काचेत ठेवतात म्हणे. मी नाही म्हटलं आणि रुमालाला दुहेरी गाठ मारली.

दुपारी एका खाणावळीत शेवभाजी मागवली. वाढणाऱ्यानं विचारलं, "तिखट चालेल ना?" मी धुळ्याची आहे असं जरा तोऱ्यातच सांगितलं. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. सांगलीच्या पंचवीस वर्षांनी जीभ बोथट केली होती. वाढणाऱ्यानं न विचारता ताकाचा पेला पुढे सरकवला.

सावदे म्हणजे सावदा, हे गाव कळलं, पण माणूस कळला नव्हता. रेल्वेचा गार्ड होता म्हणजे त्याची नोकरी गेली भुसावळला. आणि भुसावळ वाटेतच होतं.

भुसावळ

भुसावळ स्टेशनावर उतरलेल्या माणसाला गाव शोधावं लागतं, रेल्वे शोधावी लागत नाही. बाहेर पडलं की रेल्वेच्या चाळी, रेल्वेचे बंगले, लांबवर वीजकेंद्राच्या चिमण्या. रस्त्यांना कडुलिंबांची सावली आहे आणि गाडीची शिट्टी झाली की बोलणारी माणसं आपोआप थांबतात, शिट्टी संपली की वाक्य पुढे सुरू करतात.

वसाहतीजवळच्या चहाच्या टपरीवर मी गार्डबाबांचं नाव घेतलं. तिथल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मला साळवेकाकांकडे पाठवलं. साळवेकाका स्वतः निवृत्त गार्ड. घरात शिरल्याबरोबर समोर बुद्धाची संगमरवरी मूर्ती आणि तिच्यापुढे ताजी शेवंती. काका वर्तमानपत्र वाचत होते. मी कोण, कुठली, हे न विचारताच त्यांनी मला खुर्ची दिली आणि काकूंना चहाचं सांगितलं.

"सावद्याचे गार्डबाबा?" ते हसले. "मी त्यांना पाहिलेलं नाही. पण मी नोकरीला लागलो तेव्हा जुनी माणसं त्यांची गोष्ट सांगायची. गार्डाच्या हातात घड्याळ म्हणजे सैनिकाच्या हातात बंदूक. आणि या गृहस्थांचं घड्याळ सुनेनं पळवलं! शेवटची काही वर्षं ते स्टेशनच्या घड्याळात बघून ड्यूटी करायचे म्हणे. ड्रायव्हर लोक मुद्दाम विचारायचे, गार्डबाबा, सून किती वाजता गेली?"

ते मनापासून हसत होते. त्यांचा काही दोष नव्हता. कुणीतरी हसत सांगितलेली गोष्ट त्यांनी हसत पुढे सांगितली. मी पर्समधून रुमाल काढला आणि गाठी सोडून घड्याळ त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवलं.

"ती सून माझी आत्या होती," मी म्हणाले.

काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. साळवेकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बराच वेळ त्यांनी घड्याळाला हात लावला नाही.

"बाई, मला माफ करा," ते म्हणाले.

"माफी नको काका. त्यांचे वंशज कुठं भेटतील तेवढं सांगा."

त्यांनी दोन-तीन फोन केले. सावद्याला प्रल्हादभाऊ म्हणून केळीचे व्यापारी आहेत, गार्डबाबांचे नातू. पत्ता सोपा, केळी भरायच्या गोडाऊनशेजारी घर. निघताना काकूंनी मला दारापाशी गाठलं आणि हळूच विचारलं, "आत्यांनी सांगितलं नाही कधी काही?"

"नाही."

"मग सांगण्यासारखं खूप असणार," काकू म्हणाल्या.

सावदा

दुसऱ्या दिवशी मी चुकीच्या बसमध्ये बसले. पाटीवरचं यावल मला दिसलं नाही, गर्दी बघून चढले आणि तापीचा पूल ओलांडून बरंच पुढे गेल्यावर कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हा कळलं. यावलला उतरून सावद्याकडे जाणारी काळीपिवळी जीप मिळाली. तिच्यात आम्ही इतक्या जणी बसलो होतो की कुणाचा हात कुणाचा ते कळत नव्हतं. शेजारी एक म्हाताऱ्या बाई माझ्या पर्सवर रेललेल्या. एकदम सरळ होऊन म्हणाल्या, "यामंदी काय वाजू ऱ्हायलं माय?"

मी घड्याळ काढून दाखवलं. त्यांनी ते कानाला लावलं आणि फैजपूर येईपर्यंत परत दिलं नाही. "चांगलं बोलते," एवढंच म्हणाल्या.

इथून पुढचा मुलूख मी कधीच विसरणार नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी, नुसत्या केळी. थंडीला भिऊन घडांना पिशव्या घातलेल्या. आणि उत्तरेला सातपुडा इतका जवळ की बागा त्याच्या पायाशी जाऊन थांबल्यासारख्या वाटतात. धुळ्याकडे आमची नजर मोकळी धावते, मध्ये काही अडवायला नाही. इथं नजरेला हिरवा आडोसा आहे.

प्रल्हादभाऊ पासष्टीच्या आसपासचे, धिप्पाड, पांढरा शर्ट, कानात मोबाईलची वायर. गोडाऊनच्या दारात ट्रक भरत होता. मी कोण ते सांगितलं आणि त्यांनी कानातली वायर काढली.

"विमल? म्हणजे ती... घड्याळवाली?"

"हो. आणि हे घड्याळ."

त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं. घरात नेलं, दिवाणखान्यात गार्डबाबांचा टोपीतला फोटो होता त्याच्यासमोर धरलं. पत्नीला, सुनेला हाक मारली. सगळे गोळा झाले. "आजोबांचं घड्याळ आलं! अहो, सापडलं!" त्यांचा आनंद खरा होता आणि त्यात माझ्याविषयी राग नव्हता. मला बसवून घेतलं. जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणाले.

जेवायला भरीत होतं. आमच्याकडेही भरीत करतात, पण हे वेगळंच. हिरवी लांबट वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, लाकडी बडगीत ठेचलेली, वर पातीचा कांदा आणि शेंगदाणे, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी. माझं पोट भरलं तरी वहिनी वाढत राहिल्या. सांगलीत पाहुण्याला दोनदा विचारतात. इथं विचारतच नाहीत.

हात धुतल्यावर प्रल्हादभाऊंनी घड्याळ उचललं आणि कपाटाकडे निघाले.

"भाऊ," मी म्हणाले, "ते मी अजून दिलेलं नाही."

ते वळले. 

"ताई, ते आमचं आहे. सगळ्या गावाला माहीत आहे."

"असेलही. पण माझी आत्या साठ वर्षं चोर म्हणून जगली. ती कशी गेली ते मला सांगा. चोरलेलं असेल तर घड्याळ इथंच ठेवून, तुमच्या आजोबांच्या फोटोला हात जोडून जाईन."

"चोरूनच नेलं. रातोरात पळाली."

"कुणी पाहिलं?"

त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी पदर सावरला. चोरी पाहिलेलं कुणीच नव्हतं. सगळ्यांनी ऐकलं होतं.

"आजोबा काय म्हणायचे?" मी विचारलं.

"आजोबा?" प्रल्हादभाऊ विचारात पडले. "आजोबांच्या तोंडून तर मी कधी..." मग एकदम म्हणाले, "इंदूआत्या आहे. माझ्या वडिलांची धाकटी बहीण, मुक्ताईनगरला. ती तेव्हा लहान होती, पण घरातच होती. उद्या सकाळी जाऊ. मलाही एकदा ऐकायचंच आहे."

घड्याळ त्यांनी माझ्या हातात परत दिलं. एवढ्या सगळ्यांसमोर ते त्यांना सोपं गेलं नसणार.

मुक्ताईनगर

सकाळी त्यांच्या गाडीतून हतनूरच्या धरणावरून गेलो. पाणी दूरवर पसरलेलं, कडेला बगळे. प्रल्हादभाऊ वाटेत फारसं बोलले नाहीत. मुक्ताईच्या देवळापाशी मात्र गाडी थांबवली. "आधी दर्शन घेऊ," म्हणाले. आम्ही दोघं वेगवेगळं काहीतरी मागत उभे राहिलो.

इंदूअक्का अंगणात उन्हात बाजेवर बसून तूर निवडत होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. प्रल्हादभाऊंनी पाया पडून सांगितलं, "आत्या, धुळ्याहून बाई आल्यात. विमलची भाची. घड्याळ घेऊन आल्यात."

सूप मांडीवरून खाली गेलं. त्यांनी हात पुढे केला. मी घड्याळ तळव्यावर ठेवलं. त्यांनी त्याकडे पाहिलंही नाही. अंगठ्याच्या नखानं मागचं झाकण अचूक उघडलं आणि आतल्या खरवडलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"माह्या बापानं लिहिलं हे," त्या म्हणाल्या. "गोरा साहेब ड्रायव्हर होता माह्या बापाच्या गाडीवर. देश सोडून चालला तेव्हा त्यानं आपलं घड्याय माह्या बापाले देलं. बापानं त्याचं नाव नाही खोडलं. खाली आपलं गाव लिहिलं." मग माझ्याकडे तोंड करून, "वैनी कशी आहे?"

"गेली. महिना नाही झाला."

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि परत लावला. मी त्यांच्या पायाशी बसले. प्रल्हादभाऊ खांबाला टेकून उभेच होते.

"अक्का," मी म्हणाले, "तिनं हे चोरलं का?"

"चोरलं?" त्या जवळजवळ ओरडल्या. "भर दुपारी, समद्याईसमोर घेतलं तिनं. पह्यले लगनाचं ऐक, मंग तुले समजन."

आणि त्यांनी सांगितलं. मी ते माझ्या भाषेत सांगते. त्यांच्या तोंडचं सगळं मला पेलणार नाही.

वऱ्हाड धुळ्याकडे निघालं तेव्हा इंदूअक्का दहा-अकरा वर्षांच्या होत्या. नवरदेव, त्यांचा थोरला भाऊ, खंडव्याला रेल्वेत नोकरीला होता, तो परस्पर येणार होता. आलाच नाही. मुहूर्त जवळ आला तसा गार्डबाबांनी व्याह्यांना एकीकडे नेलं. मुलाला ड्यूटीवरून सोडलं नाही, गाड्या खोळंबल्यात, असं सांगितलं. खरं त्यांना ठाऊक होतं. मुलानं तिकडं आधीच लग्न केलं होतं. पण मांडवातून वऱ्हाड परत नेलं तर नाक कापलं जाईल, मुलगा दोन दिवसांत ऐकेल, असं त्यांनी धरलं. पूर्वी राजेरजवाडे नवरदेवाऐवजी तलवार पाठवायचे, असं काहीतरी भटजीही बोलला. तलवार कुठून आणणार? गार्डबाबांनी खिशातून घड्याळ काढलं, पाटावर फेट्यावर ठेवलं, आणि अंतरपाट धरला गेला.

"माझ्या आजोबांनी हो म्हटलं?" मी विचारलं.

"तुह्या आज्यानं हो म्हटलं. पाहुने जेवाले बसाचे होते. फकत एक पोरगं होतं, वैनीचा भाऊ, सहा-सात वर्साचं. ते मोठ्यानं इचारे, नवरदेव कुठी आहे? नवरदेव कुठी आहे? तुह्या आज्यानं त्याच्या मुस्काटात देली."

तो मुलगा म्हणजे नाना.  

आत्या सावद्याला आली. सून म्हणून रांधलं, वाढलं, इंदूची वेणी घातली. घड्याळ खुंटीवर असायचं, ड्यूटीला जाताना गार्डबाबा ते घेऊन जायचे. दीडेक वर्षानं नवरा आला तो बायको आणि कडेवरचं मूल घेऊनच.

"ते मूल म्हंजे तू," इंदूअक्का प्रल्हादभाऊंना म्हणाल्या.

प्रल्हादभाऊ खांब सोडून खाली बसले.

गार्डबाबांनी आत्याला सांगितलं, तू थोरली, तू घर सांभाळ, ती धाकटी म्हणून राहील. आत्या त्यांना म्हणाली, मला नर्सचं शिकायला धुळ्याला पाठवा. ते नाही म्हणाले. दोन-चार दिवस असेच गेले. मग एका दुपारी सगळी माणसं ओसरीवर असताना ती लुगडं नेसून बाहेर आली, हातात गाठोडं. खुंटीवरचं घड्याळ काढलं आणि सासऱ्यासमोर उभी राहिली. ती काय म्हणाली ते इंदूअक्कांनी आत्याच्या अहिराणीत, जसंच्या तसं म्हणून दाखवलं. एवढ्या वर्षांत त्यांनी तिचे शब्द आपल्या बोलीत ओढले नव्हते.

"मामंजी, मन्हं लगीन ज्यानासंगे लायं, त्याले मी लई चालनी."

म्हणजे, माझं लग्न ज्याच्याशी लावलंत, त्याला मी घेऊन चालले.

"माह्या बापानं मान खाली घातली," इंदूअक्का म्हणाल्या. "कोनी उठलं नाही. उठली ती फकत तुही माय, पल्लाद. तिले सावद्याले आल्यावर समजलं होतं समदं. तिनं चुलीवरच्या दोन भाकरी फडक्यात बांधल्या अन् वैनीच्या हातात देल्या. दोघी एकमेकीले काही बोलल्या नाही."

"मग चोरीचं कुणी म्हटलं?" प्रल्हादभाऊंनी विचारलं.

"लोकं इचारत, गार्डबाबा, घड्याय कुठी? घरातलं कोनीतरी बोललं, सून घेऊन पयाली. बापानं हो बी म्हटलं नाही, नाही बी म्हटलं नाही. तेच गावभर झालं. मी लहान होती. मोठी झाल्यावर मले कोनी इचारलंच नाही. आज तुम्ही इचारलं."

अंगणात कोंबड्या तुरीच्या दाण्यांवर आल्या होत्या, त्यांना कुणी हाकललं नाही. इंदूअक्कांनी विचारलं, "मंग वैनीनं पुढं काय केलं जलमभर?"

मी सांगितलं. नर्सिंगचं शिक्षण तिनं नातेवाइकांचा विरोध पत्करून पुरं केलं. वर्षानुवर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काम केलं. हे घड्याळ पांढऱ्या साडीला कमरेशी अडकवलेलं असायचं, आणि मूल जन्मलं की वेळ तेच बघून सांगायची. धुळ्यातल्या कितीतरी मुलांच्या पत्रिका याच घड्याळावर मांडल्या गेल्या असतील.

इंदूअक्का हसल्या, खळखळून हसल्या. "म्हंजे नवरा कामाचा निंघाला!"

त्यांच्या हसण्यानं मलाही हसू आलं आणि मग आवरेना, हसता हसता रडू आलं. प्रल्हादभाऊंनी आत जाऊन पाणी आणलं. त्यांनी घड्याळ इंदूअक्कांच्या हातातून घेतलं, रुमालात ठेवलं आणि रुमाल माझ्यापुढे केला.

"ताई, घेऊन जा. आणि आमच्या घरात यापुढे विमलबाईंविषयी कुणी वेडंवाकडं बोलणार नाही. माझी जबाबदारी." मग म्हणाले, "आई कधी बोलली नाही हो मला. भाकरीचंही नाही."

परतताना त्यांनी गाडीत माझ्यासाठी केळीचा एक घड टाकला. तो सांगलीपर्यंत नेता येणार नाही असं मी दहादा सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

परत धुळे

धुळ्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. घड वाटण्यात शेजारीपाजारी खूश झाले. नाना नेहमीच्या खुर्चीत होते. मी घड्याळ त्यांच्यासमोर ठेवलं तर म्हणाले, "दिन्हं नही का?"

"नाना," मी म्हणाले, "नवरदेव कुठी होता?"

मी मुद्दाम इंदूअक्कांचे शब्द वापरले नव्हते, ते आपोआप तोंडी आले. नानांचा हात गालावर गेला. इतक्या वर्षांपूर्वीची चपराक त्या गालाला आठवत होती. मग ते बोलायला लागले.

"पाटवर घड्याळ व्हतं. त्याले मुंडावळ्या बांधेल व्हत्यात. मी म्हनू, हाई काय शे? बापनी माले मारं. मंग सांगं, कोनले बोलशी ते जीव लीसू." म्हणजे, कुणाला बोललास तर जीव घेईन. "ताईले लोके चोर म्हनेत, मी आयकी राहू. बापनं नाव खराब व्हई म्हनीसन गप राह्यनू. बाप गया, तरी गपच राह्यनू. घड्याळ दी टाकं का बठ्ठं मिटी जाई, असं वाटे माले."

म्हणजे लोक बहिणीला चोर म्हणताना ते ऐकत राहिले, बापाची अब्रू जपत, आणि घड्याळ परत गेलं की सगळं मिटेल असं त्यांना वाटलं. मला त्यांचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण समोर पंचाहत्तरीचा माणूस बसला होता आणि त्याच्या आतला सहा-सात वर्षांचा मुलगा अजून उत्तराची वाट पाहत होता. त्याला मी मुक्ताईनगरहून आणलेलं सगळं सांगितलं. आत्याचं ते वाक्य सांगितलं. नानांनी ते मला परत म्हणायला लावलं. मग पुन्हा एकदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांगलीच्या गाडीचं बघत होते. नाना अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बाहेर येऊन बसले. फोन त्यांना नीट लावता येत नाही.

"शिरपूरले लाव," ते म्हणाले.

शिरपूरला त्यांची चुलत बहीण असते. मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. नानांना कमी ऐकू येतं म्हणून ते मोठ्यानं बोलतात, पण त्या सकाळी ते ओरडत होते. आळीला ऐकू जात असणार, शेजारची दारं उघडली.

"आयक. आम्हना बापनी ताईनं लगीन घड्याळसंगे लाई दिन्हं. हां, घड्याळसंगे. मी व्हतू तठे. तिनी चोरी नही करी. बठ्ठास्ना समोर लिन्हं तिनी. मी खोटं ठरनू, ती नही. काय? नही, माले बरं शे. डोकं ठिकाने शे. तू फक्त आयक."

पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं आलं. नानांनी ते ऐकून घेतलं, "हां" म्हणाले, फोन माझ्याकडे दिला आणि घाम पुसला. मला वाटलं, झालं. मी पाणी आणायला उठले.

"बस," नाना म्हणाले. "आते साक्रीले लाव."